भागाकार

मंगळवारी पारडीच्या दवाखान्यात वजनकाटा माझ्याकडे.
फरशी खचलेली, म्हणून काट्याखाली
जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा घडी करून सरकवते.
शून्य शून्यावर यायला तेवढं पुरतं.
चप्पल काढा. किल्ल्या, मोबाईल टेबलावर.
टाच भिंतीला. मान सरळ. समोर बघा,
पंख्याकडे नाही.

मग वहीत: किलो भागिले मीटर,
जे येईल ते पुन्हा भागिले मीटर.
उंचीनं दोनदा भागायचं, ट्रेनिंगमध्ये सांगितलं.
दोनदा का, विचारायला मी हात वर केला होता,
तेवढ्यात समोसे आले.

साडेअठराच्या खाली म्हणजे कमी.
बाहेरच्या देशांत पंचविसापर्यंत चालतं,
आपण तेविसालाच सावध व्हायचं,
कारण आपली चरबी आधी पोटात घर करते,
अंगावर मागाहून दिसते.
हे मी दिवसातून चाळीसदा सांगते.

शालिक बिनझाडे, कळमन्याच्या बाजारात हमाल.
एकोणऐंशी किलो, एकशे पासष्ट सेंटीमीटर.
एकोणतीस.
खांद्यावर तळहाताएवढा घट्टा,
कंबर टेपात शहाऐंशीच.
"काय निंगालं, बाई?"
"जास्त."
"जास्त काहून? पोतं त खाली ठिवूनच आलो ना."
रांग हसली. मीही.
मग त्यानं काटा एका हातानं उचलला,
दाराजवळ नेऊन ठेवला,
"इथची फरशी बरी हाये."
रकान्यात काय लिहू?
काट्याला मांस आणि चरबी
एकाच भावात दिसतात.

त्याच्यामागे पोफळी, वीज ऑफिसातले.
त्रेसष्ट किलो, एकशे सत्तर. एकवीस पूर्णांक आठ.
तक्त्याच्या हिरव्या पट्ट्यात, अगदी मधोमध.
"एक फोटो काढून देता का? बायकोला पाठवतो."
हात काडीसारखे, बेल्ट मात्र पोटाच्या खाली घसरलेला.
टेप शहाण्णव.
उपाशीपोटी साखर एकशे अडुसष्ट.
तर्री-पोहे एकच प्लेट खातो म्हणाले,
रोज, पण एकच.
फोटो राहून गेला.

संध्याकाळी टेप चुकून पर्समध्येच आला.
आईला म्हटलं, उभी राहा गं भिंतीला.
तिच्या जुन्या कार्डावर एकशे बावन्न आहे,
वजन अठ्ठावन्न. म्हणजे पंचवीस पूर्णांक एक.
आज वजन तेच.
उंची एकशे अठ्ठेचाळीस.
मी पुन्हा मोजलं. टाच टेकव म्हटलं, टेकलेलीच होती.
सव्वीस पूर्णांक पाच.

"मी त रातची भाकर अर्धी केली,
तरी वाढलं काहून?"
काय वाढलं, आई? तू कमी झालीस.
तीस वर्षं मांडीवर सूप, सुपात तेंदूपान,
मान त्या सुपात, हजार विड्यांचा हिशोब.
एवढ्यात भागते का, कुणी विचारलं तर
"भागते" म्हणायची.
घर भागलं. तीही भागली.
मणक्यांतून चार सेंटीमीटर कधी गळाले
ते कोणत्याच मंगळवारी कळलं नाही.

हाडांची तपासणी करायची आहे, लिहून ठेवलंय.
दूध, ज्वारी, सकाळचं ऊन. भाकर पूर्ण खा, आधी ते.
आकडा खोटा नाही. आकडा दारावरची टकटक आहे,
आत कोण राहतं ते दार उघडून बघावं लागतं,
टेपानं, सुईनं, दोन प्रश्न विचारून.

"आता तू उभी राय," आई म्हणाली.
माझ्या डोक्यावर पट्टी आडवी धरायला
तिचा हात पुरेना.
तिनं पाट ओढला, त्यावर चढली,
एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्यात पेन्सिल,
आणि भिंतीवर रेघ मारली, जराशी तिरकी.
"किती?" मी विचारलं.
"मले वाचता कुठं येते," ती म्हणाली,
"पण बरी उंच हायेस."